वाचक एक आणि वाचक दोन

माशाचं वय आणि माणसाचं मन या दोन गोष्टी वरवर पाहून कळत नाहीत. त्यासाठी आत, पार गाभ्यापर्यंत उतरावं लागतं. मनाच्या बाबतीत हे उतरणं नेमकं कसं करावं याविषयी जाणकारांत अजून एकमत नाही. माशाच्या बाबतीत आहे. डोकं फोडायचं, कानातला खडा काढायचा, तो राळेत बसवून त्याचा कागदासारखा पातळ काप घ्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली धरून त्यातली वलयं मोजायची. झाडाच्या खोडात असतात तशीच, वर्षाला एक.

ती हेच काम करायची. तिच्यासमोर येणारे खडे अंटार्क्टिकाच्या समुद्रातल्या टूथफिशचे. हा मासा दिसायला कायम कशावर तरी रुसलेल्या काकासारखा असतो. वाढतो सावकाश, अंडी घालण्याच्या वयाला यायला त्याला दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि कोणी मध्ये आलं नाही तर पन्नाशीही गाठतो. मध्ये येतात ती जहाजं. हजारो गळ बांधलेला दोर ती दीड-दोन किलोमीटर खोल सोडतात, आणि वर आलेला मासा मोठमोठ्या हॉटेलांत जातो. त्या समुद्रातल्या सीलनाही तोच मासा लागतो, पण सीलना दुसरं हॉटेल नाही.

म्हणून जहाजांवर निरीक्षक असत. ते पकडीतले काही मासे निवडून त्यांचे खडे कागदी पाकिटांत घालून तिच्या संस्थेकडे पाठवत, आणि ते वाचून संस्था सांगे की खाली म्हातारे मासे कितपत उरलेत. म्हातारे संपत आले असतील तर पुढच्या हंगामात पकड कमी करायची, असा देशोदेशींचा करार होता. म्हणजे एवढे देश, एवढी जहाजं, एवढे सील, सगळे शेवटी नखाएवढ्या खड्यावर उभे होते. आणि तो खडा वाचायला माणसं दोन.

दोनच, आणि तीही एकमेकांना न सांगता. वाचक एकने काय आकडा लिहिला हे वाचक दोनला कळता कामा नये, आणि उलट. दोघांचं जुळलं की वय पक्कं. फारच फरक पडला तर तो खडा ‘वगळलेले’ अशी चिठ्ठी लावलेल्या ट्रेमध्ये जायचा, आणि त्या माशाला वयच नव्हतं असं समजून विज्ञान पुढे जायचं.

ती वाचक एक होती. बरीच वर्षं.

वाचक दोनची खुर्ची तेव्हा रिकामी होती. आधीचे वाचक दोन मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले ते परत आलेच नाहीत. त्यांना म्हणे जग इतकं स्वच्छ दिसू लागलं की पुन्हा भिंगात डोळे खुपसायची इच्छाच उरली नाही. त्यांच्या जागी एक उमेदवार येऊन सकाळपासून चाचणीचे खडे वाचतोय, एवढंच तिच्या कानावर होतं.

ती कॉरिडॉरमध्ये चहाच्या मशीनशी उभी होती. मशीन आधी कप सोडावा की आधी चहा, या विचारात होतं. तेवढ्यात वाचनखोलीचं दार उघडलं आणि एक उंच माणूस बाहेर आला. नाकाची सालं निघालेली, डोळ्यांभोवती गॉगलचे पांढरे ठसे, आणि चेहऱ्यावर पहिल्या पेपरला अभ्यासलेलंच आल्याचा आनंद.

“अहो, पहिल्याच खड्याचं वय—” तो तिला म्हणाला.

तिने दोन्ही हातांनी कान झाकले.

“—वय चक्क—”

तिने डोळेही मिटले आणि मोठ्याने गुणगुणायला सुरुवात केली. गाणी तिला कधीच पाठ होत नसत. आयत्या वेळी शाळेतला सतराचा पाढा तेवढा आठवला, तो तिने चालीवर म्हटला. सतरा पाचे पंच्याऐंशीला डोळे उघडले तेव्हा तो गप्प उभा होता आणि तिचा चहा कपाशेजारी पडत होता.

“माझं काही चुकलं का?” त्याने विचारलं.

“तुम्ही वय सांगत होता.”

“माशाचं.”

“माशाचंच. तो खडा उद्या मला वाचायचाय. तुमचा आकडा एकदा कानात शिरला की मला तोच दिसणार.”

“म्हणजे तुम्ही वाचक एक.”

“हो. आणि तुम्ही अजून कोणीच नाही. असंच बोलत राहिलात तर होणारही नाही.”

तो हसला. सालं निघालेलं नाक हसताना दुखत असावं, कारण हसू अर्ध्यात थांबलं.

“मग आपण बोलायचं तरी कशावर?”

“आकडे सोडून कशावरही.”

“बरं. तुमचा चहा सांडतोय.”

“दिसतंय मला.”

“किती सांडला ते मी सांगत नाही,” तो म्हणाला, आणि स्वतःचा रुमाल काढून मशीनखाली धरला. मशीनने लगेच कप सोडला.

दुसऱ्या दिवशी तो वाचक दोन झाला. आधी चार हंगाम तो जहाजावर निरीक्षक होता. ज्या पाकिटांतले खडे ती वाचत आली त्यातली कित्येक त्यानेच भरलेली होती. अक्षर तिच्या ओळखीचं होतं. माणूस नवा होता.

चांगला मायक्रोस्कोप संस्थेत एकच. सकाळी ती बसे, दुपारनंतर तो. मधल्या वेळात खुर्ची एकाकडून दुसऱ्याकडे जाई, आणि त्या तेवढ्या वेळात जे काही व्हायचं ते झालं.

सुरुवात भिंगांपासून झाली. मायक्रोस्कोपला डोळे लावायच्या दोन नळ्या असतात, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांतल्या अंतराप्रमाणे त्या जवळ-लांब कराव्या लागतात. त्याचे डोळे रुंद होते. रोज सकाळी ती बसली की तिला एका खड्याऐवजी दोन वेगळी वर्तुळं दिसत, आणि नळ्या जवळ आणल्यावर ती सरकत सरकत एक होत. रोज ती मनात म्हणे, काय बाई हे डोळे, का गाडीचे दिवे. एके सकाळी ती बसली आणि समोर सरळ एकच वर्तुळ, लख्ख. तिला वाटलं योगायोग. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दुपारी खुर्चीवरून उठताना तिने विचारलं,

“तुम्ही जाताना नळ्यांना हात लावता का?”

“लावतो.” तो खिडकीबाहेर बघत होता. “तुमच्या मापाला करून ठेवतो. सकाळी तुमचा वेळ जायला नको.”

“माझं माप तुम्हाला काय माहीत?”

“दुपारी मी येतो तेव्हा त्या तुमच्याच मापाला असतात ना. तेवढं लक्षात ठेवायचं.” मग जरा थांबून, “आकडा सांगत नाही.”

त्या दिवसापासून ती उठताना नळ्या त्याच्या मापाला करून ठेवू लागली. त्यामुळे त्याला तिचं माप दिसेना, पण ते त्याला पाठ होतं. कोणी कोणाला काही दिलं नाही, घेतलं नाही. दोघांनी एकमेकांचे डोळे तेवढे पाठ केले. बाहेरच्या जगात याला काय म्हणतात ते तिला माहीत होतं. संस्थेच्या नियमावलीत त्याबद्दल काही नव्हतं, म्हणून तिने ते तसंच राहू दिलं.

आकड्यांवरची बंदी हळूहळू सगळीकडे पसरली. किती वाजले, कितव्या मजल्यावर, बिस्किटं किती, काही सांगायचं नाही.

“तुम्ही राहता कुठे?”

“नदीकडच्या इमारतीत. मजला सांगू शकत नाही.”

“मग यायचं झालं तर?”

“दम लागेपर्यंत चढायचं.”

“आणि तुमचं वय?” त्याने एकदा धीर करून विचारलं.

“ते मी कसं सांगणार? तुम्ही स्वतंत्रपणे ठरवायचं.”

तो तिच्याकडे बघत राहिला. खडा बघावा तसाच, आधी कडेपासून, मग आत. ती बिस्किटाच्या पुड्याकडे बघू लागली.

“कड जरा धूसर आहे,” तो म्हणाला. “पण गाभा स्पष्ट दिसतो.”

“हे तुम्ही जहाजावर शिकलात?”

“जहाजावर बोलायला कोणी नसतं. तिथे फक्त पाठ करतो.”

जहाजाच्या गोष्टी मात्र तो सांगे. ती स्वतः तिकडे कधीच गेली नव्हती. लिफ्ट जरा हलली तरी तिला मळमळायचं. अंटार्क्टिका तिच्यासाठी काचेवरचा पिवळसर काप होता. त्याने एकदा सांगितलं, बर्फाच्या एका भेगेतून सील वर आली, तोंडात टूथफिश, तिच्या निम्म्या लांबीचा. पिल्लाला दूध पाजून पाजून हाडं निघालेली. तिने मासा बर्फावर आपटला आणि मग तिला हा समोर उभा दिसला.

“मग?”

“मग काय. तिला वाटलं मी मागायला आलोय. मासा उचलून परत खाली गेली.”

“आणि तुम्ही?”

“मी जहाजावर जाऊन आमच्या दोराला किती लागलेत ते मोजलं. मोजायलाच ठेवलं होतं मला.” तो कप फिरवत राहिला. “तीन हंगाम मी मजेत मोजले हो. त्या दिवसानंतर जरा... म्हणून तर इकडे अर्ज केला.”

शेजारच्या खोलीत सीलवाले बसत. त्या वर्षी ते आपापसांत हळू आवाजात बोलत होते, आणि त्यांच्या भिंतीवरच्या फोटोंमधल्या माद्या दरवर्षीपेक्षा बारीक होत्या. तिच्या खड्यांतही तेच येत होतं. जो समुद्राचा तुकडा सगळ्यांत जास्त पिंजला जात होता तिथले म्हातारे मासे दिसेनासे झाले होते. सगळे पोरसवदा. हे आकडे टिकले तर त्या तुकड्यातली पकड उतरणार, हे तिला दिसत होतं, आणि तिला या जन्मात विज्ञानाकडून एवढं एकच हवं होतं.

घरी आई आणि धाकटी बहीण. धाकटीला लवकरच वास लागला.

“आई, ताई हल्ली घड्याळ बघत नाही. किती वाजले विचारलं तर नुसती हसते.”

“कोण आहे?” आईने थेट विचारलं.

“वाचक दोन,” ती म्हणाली.

“म्हणजे दोन नंबरवाला,” धाकटी म्हणाली. “छान. पोलिसांत माहिती आहे ना?”

“वय काय त्याचं?” आई.

“विचारलं नाही.”

आईने हातातलं विणकाम खाली ठेवलं. “दिवसभर मेलेल्या माशांची वयं काढतेस आणि जिवंत माणसाचं एक विचारता येत नाही?”

“आई, तो माणूस आहे. डोकं फोडावं लागेल.”

“बोलून बघ आधी,” आई म्हणाली. “आयुष्य काय दोन-दोनदा वाचायला मिळत नाही.”

हे सगळं नेमकं कधीपासून, असं तिला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. खड्यातलं पहिलं वलयही असंच असतं. गाभ्यालगत, अगदी पुसट. मुरलेला वाचकसुद्धा तिथे चुकतो. पुढची सगळी स्वच्छ दिसतात.

हंगामाचं वाचन संपत आलं आणि तपासनीस बाई आल्या. त्या दरवर्षी येत, दोघांचे आकडे समोरासमोर ठेवत, आणि बिस्किट न खाता जात. या वेळी त्या परत गेल्याच नाहीत. विभागप्रमुखांच्या खोलीत त्यांनी ठाण मांडलं. विभागप्रमुखांना सगळे पाठीमागे ‘सरासरी’ म्हणत, कारण त्यांच्यासमोर काहीही आणा, वादळ, भांडण, कोणाचं आजारपण, त्यांचा पहिला प्रश्न “सरासरी किती?” हाच असे.

“यांचं फार जुळतंय,” तपासनीस बाई म्हणाल्या.

“मग चांगलंच की,” सरासरी म्हणाले.

“इतकं चांगलं नसतं, साहेब. धूसर खड्यांवरसुद्धा एकच आकडा? इतकं फक्त एकमेकांचं बघून लिहिलेल्या उत्तरपत्रिकांचं जुळतं. किंवा बरीच वर्षं संसार केलेल्यांचं. त्यांचंही नेहमी नाही.”

दुसऱ्या दिवशी दोघांना बोलवायचं ठरलं. वेगवेगळं.

त्या संध्याकाळी ती नमुन्यांच्या कोठारात पाकिटं लावत होती. बाहेर पाऊस होता. आतही थोडा होता. पत्र्याचा सांधा गळत होता आणि खाली ठेवलेल्या बादलीत थेंब पडत होते. पलीकडच्या खोलीत काप घ्यायचं नवं यंत्र घरघरत होतं. याच वर्षी आणलेलं, त्यामुळे सगळ्यांना त्याचं कौतुक आणि डोकेदुखी दोन्ही. तो दारात उभा राहिला, भिजलेला, छत्री हातात मिटलेली.

“छत्री उघडत नाही का?”

“उघडते. विसरलो.” तो आत आला. “पुढच्या हंगामाची जहाजं ठरतायत. मला विचारलंय, येणार का म्हणून. परवापर्यंत सांगायचंय.”

“मग?”

“मी जावं की राहावं, हे माझ्या एकट्याचं वाचन नाही. तुमचं... तुझं काय येतं ते बघायला हवं.”

‘तू’ म्हणून तो स्वतःच दचकला. बादलीत एक थेंब पडला. तिच्या हातातलं पाकीट ओलं होत होतं आणि त्यावर त्याचंच जुनं अक्षर होतं.

“तुझं काय येतंय?” तिने विचारलं.

“आधी मी सांगितलं तर तुला तेच दिसेल.”

ती हसली. तिचा आकडा केव्हाच लिहून झाला होता. तो तोंडावर आला होता, नुसतं तोंड उघडायचं होतं... पण उद्या चौकशी. आज बोललं की उद्या खोटं बोलावं लागेल, आणि आज नाही बोललं तर उद्या जे सांगू ते निदान कागदावर खरं असेल, असा तिने हिशेब केला. हुशार माणसं असे हिशेब करतात.

“उद्याचं होऊ दे,” ती म्हणाली. “परवा सांगते. नक्की.”

“नक्की?”

“पहिलं काम तेच.”

त्याने मान डोलावली. जाताना त्याने बादली जरा सरकवली, थेंब मधोमध पडावा म्हणून. छत्री तिथेच विसरला.

चौकशीत अडचणीचा प्रश्न एकच निघाला. आकडे एकमेकांना सांगितले का, याला दोघांचं उत्तर ‘नाही’ होतं आणि ते खरं होतं. आधी तिची पाळी होती. तपासनीस बाईंनी चष्मा पुसला.

“तुम्हा दोघांत कामापलीकडचं काही नातं आहे का? आहे किंवा नाही, एवढंच सांगा.”

तिच्या डोळ्यांसमोर सीलवाल्यांच्या भिंतीवरच्या बारीक माद्या आल्या. ‘आहे’ म्हटलं की हंगामाचे सगळे खडे ‘वगळलेले’च्या ट्रेमध्ये. आणखी एक वर्ष जुनीच मर्यादा, तेच दोर, तोच पिंजलेला तुकडा. आणि ‘नाही’ म्हटलं तर काय? एका दिवसाचा प्रश्न. उद्या ते ‘आहे’ होणारच होतं. तोही ‘नाही’च म्हणेल, याबद्दल तिला शंका नव्हती, त्यांचं सगळंच जुळत होतं.

“नाही,” ती म्हणाली.

मग त्याला आत बोलावलं. ती बाहेर चहाच्या मशीनशी उभी राहिली. दार बंद होतं, तरी तिला कान झाकावेसे वाटले.

थोड्या वेळाने दोघांना एकत्र आत घेतलं. तपासनीस बाईंनी कागदावरून वाचलं, भाव न दाखवता, जसं त्या माशांचं वाचत.

“वाचक एक : नाही. वाचक दोन : आहे.”

सरासरींना शांतता सहन होत नसे.

“म्हणजे सरासरी काढली,” ते म्हणाले, “तर थोडंसं आहे.”

तपासनीस बाईंनी कागदाची घडी केली. “एक गोष्ट नक्की. हे दोघं ठरवून उत्तरं देत नाहीत. या बाबतीत जुळत नाही तर माशांच्या बाबतीत संगनमत कसलं करणार. खडे बाहेर तिसऱ्या वाचकाकडे पाठवते. बघू.”

म्हणजे आकडे तूर्त बचावले. तिला जे हवं होतं ते मिळण्याच्या मार्गाला लागलं. ती कॉरिडॉरमध्ये आली तेव्हा तो पुढे चालत होता.

“ऐका ना... ऐक ना.”

तो थांबला.

“तू ‘आहे’ म्हणालास. सगळं बुडालं असतं.”

“विचारलं, तर मला जे दिसत होतं ते सांगितलं.”

“मीही खड्यांसाठीच—”

“माहितीये.” त्याचा आवाज चिडका नव्हता. चिडका असता तर बरं झालं असतं. “धूसर खडा असला तरी तुम्ही कधी सोयीचा आकडा लिहिला नाही. मी रोज दुपारी त्याच खुर्चीत बसायचो, मला ठाऊक आहे. म्हणून वाटलं, इथेही दिसेल तेच लिहाल.”

‘तुम्ही’ परत आलं होतं. ते तिला आधी ऐकू आलं, बाकीचं मागाहून.

“उद्या सांगणार होते मी. आज सांगते. आत्ता. माझं उत्तर ‘आहे’ असंच—”

“नको.” त्याने हात जरा वर केला, आणि क्षणभर तिला वाटलं तो कान झाकणार. “आता माझा आकडा तुम्ही ऐकलाय. तो ऐकून बदललेलं वाचन धरायचं नसतं. तुम्हीच शिकवलंत.”

यावर पुष्कळ काही बोलता आलं असतं. हा काय मासा आहे का, असं म्हणता आलं असतं. त्याचा हात धरता आला असता, रडता आलं असतं, निदान सतराचा पाढा म्हणता आला असता. तो हसला असता कदाचित. पण नियम तिनेच शिकवला होता आणि नियम बरोबर होता. अजूनही कधीकधी चहाच्या मशीनशी उभी असताना तिला त्या वेळी बोलायच्या गोष्टी सुचतात. चांगल्या सुचतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती खुर्चीवर बसली. समोर एकच वर्तुळ, लख्ख. जाताना त्याने नळ्या तिच्या मापाला करून ठेवल्या होत्या. तो जहाजावर गेला.

घरी आईने काही विचारलं नाही. धाकटीने विचारलं.

“ताई, दोन नंबरवाला?”

“गेला समुद्रावर.”

“तू सांगितलंस ना त्याला?”

“सांगितलं. दुसऱ्या कोणाला तरी, आणि उलटं.”

धाकटीला काही कळलं नाही, पण त्या रात्री तिने स्वतः भांडी घासली.

पुढच्या हंगामात कागदी पाकिटं आली. जहाज, तारीख, खोली, सगळं त्याच्या अक्षरात. आणखी एक शब्द नाही. पाकीट उलटं करून, उजेडात धरून तिने पाहिलं होतं. नव्या वाचक दोन एक मावशी होत्या, शिस्तीच्या, शिट्टी वाजवत वाचणाऱ्या. त्यांचे डोळे तिच्याच मापाचे होते, त्यामुळे आता नळ्यांना कोणी हात लावत नसे. एखाद्या दिवशी सगळे गेल्यावर ती मुद्दाम त्या रुंद करी, त्याच्या मापाला. ते तिला अजून पाठ होतं. मग डोळे लावून बसे. दोन वर्तुळं, वेगवेगळी, शेजारी शेजारी. फार वेळ पाहिलं की डोळ्यांतून पाणी येतं. ते कोणाच्याही येतं.

तिसऱ्या वाचकाचं काम सावकाश झालं. ते दुसऱ्या खंडातले एक गृहस्थ होते, निवृत्तीला आलेले, या दोघांची नावंही त्यांनी कधी ऐकली नव्हती. त्यांचे आकडे आले, अहवाल मान्य झाला, बैठक झाली, आणि त्या तुकड्यातली पकडीची मर्यादा उतरवली गेली. फार नाही, पण उतरली. सीलवाल्यांनी केक आणला.

तपासनीस बाई सही करायला आल्या होत्या. केकही खाल्ला नाही त्यांनी. ती त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेली.

“एक विचारू? तेव्हा मी ‘आहे’ म्हटलं असतं तर?”

“तर काय?”

“खडे टाकून दिले असते ना?”

“छे. जुळणी जास्त आली की खडे तिसऱ्या वाचकाकडे जातातच. उत्तर काहीही येवो.” बाई एक पायरी उतरल्या. “आणि त्या तिसऱ्या वाचकांचं तुमच्याशी जितकं जुळलंय तितकं तुमच्या त्या वाचक दोनचंही जुळलं नव्हतं. काप चांगले निघालेत या वेळचे. ते नवं यंत्र घेतलंत ना तुम्ही, त्याचा परिणाम. कोणीही वाचले असते तरी जुळलेच असते.”

खालून यंत्राची घरघर ऐकू येत होती.

“मग नात्याचं विचारलंत कशाला?”

“तळटीपेला लागतं,” बाई म्हणाल्या आणि उतरून गेल्या.

अहवालाची छापील प्रत महिन्याभराने आली. तळटीप मधल्या एका पानावर आहे, बारीक अक्षरात, माशांच्या वयाच्या तक्त्याखाली. ‘वाचक एक व वाचक दोन यांचे परस्पर नाते : उत्तरे जुळली नाहीत. वगळले.’